मालक चहाला गेलेत

हिरेमठ बाई निवृत्त झाल्या त्याच वर्षी त्यांची आई गेली, आणि आईचं वर्षश्राद्ध व्हायच्या आत त्यांनी गाडी शिकायला सुरुवात केली. आमच्या जुळे सोलापूरच्या कॉलनीत तोवर कुठल्याच बाईच्या हातात चारचाकी नव्हती. सकाळी मोटर ड्रायव्हिंग स्कूलची गाडी कोपऱ्यावर हिसके देत सुरू व्हायची, बंद पडायची, पुन्हा सुरू व्हायची, आणि काचेच्या आत बाईंचा ताठ मानेचा चेहरा दिसायचा. शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मॅडम, आता ह्या वयात कशाला?" बाई म्हणाल्या होत्या, "आधी वेळ नव्हता की."

मी त्यांच्याच शाळेत मराठी शिकवायचे. वयाने बरीच लहान, घर मात्र त्यांच्या समोरचं. त्यामुळे शाळेतल्या बाई मला माहीत होत्या आणि घरातल्याही. महानंदा हिरेमठ. मुली त्यांना 'चित्रकलेच्या बाई' म्हणत आणि त्यांच्या तासाला घाबरत. एरवी चित्रकलेच्या तासाला कोण घाबरतं?

घाबरण्याचं कारण डोंगर. निसर्गचित्र काढा म्हटलं की सगळ्या मुली एकच चित्र काढायच्या: दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, खाली नदी, नदीकाठी झोपडी. बाई वही हातात घ्यायच्या आणि शांतपणे विचारायच्या, "हे डोंगर कुणाचे?" आणि लगेच पुढे, "सोलापुरात डोंगर कुठं बघितलास तू?" मग अख्ख्या वर्गाला शाळेच्या गच्चीवर घेऊन जायच्या. गच्चीवरून दूरवर सपाट काळी रानं दिसायची, एखादं लिंबाचं झाड, विजेचे खांब, आणि त्यावर उरलेलं सगळं आभाळ.

"काय दिसतंय?"

"काहीच नाही, बाई."

"मग ते काढा. काहीच नाही, ते नीट काढा."

इंटरमिजिएटच्या परीक्षेला बसलेल्या मुलींच्या आया तक्रार घेऊन यायच्या की डोंगर काढल्याशिवाय मार्क मिळत नाहीत. बाई ऐकून घ्यायच्या आणि तसंच शिकवायच्या.

त्या स्वतः चित्रं काढायच्या हे मात्र कुणी पाहिलेलं नव्हतं. काढतच नव्हत्या म्हणा. वडील लवकर गेले, दोन धाकट्या बहिणींची लग्नं करायची होती, ती झाली, मग आई अंथरुणाला खिळली. बाईंना बघायला पाहुणे यायचे, ते कधीतरी यायचे थांबले. "ते थांबले हे आमच्या घरात कुणाच्या लक्षातही आलं नाही," त्या एकदा म्हणाल्या. "माझ्याही. पोहे करायचे बंद झाले तेव्हा कळलं." हे सांगताना त्या हसत होत्या.

गाडी हातात बसल्यावर त्यांनी एक जुनी पांढरी व्हॅन घेतली. मागच्या सीटा काढून तिथे फळी टाकली, फळीवर गादी. खाली ड्रॉइंग बोर्ड, कागद, जलरंगाचा डबा, पाण्याचे कॅन, घडीचं स्टूल आणि डबाभर कडक भाकरी. कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वाटेत मिळेल ते दही, एवढ्यावर त्या आठवडा काढायच्या. अंगावर शाळेतलीच सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट, डोक्यावर गड्ड्याच्या जत्रेत मिळते तसली उन्हाची टोपी. ह्या थाटात त्या पहाटे निघायच्या. मी चहा घेऊन फाटकाशी जायचे आणि विचारायचे, "बाई, मी येऊ का एखाद्या वेळी?"

"नको. तू आलीस की मी तुझ्याशी बोलत बसेन."

त्यांच्या प्रवासाची एक पद्धत होती. वाटेत थांबत, चित्रं काढत जायचं आणि शेवटी कुठल्यातरी संग्रहालयात पोचायचं. औंधला जायच्या, कोल्हापूरला जायच्या, विजापूरला, एकदा हैदराबादलाही जाऊन आल्या. आणि तिथे जाऊन बघायचं काय, तर एक चित्र. एकच. सकाळी दार उघडताना आत जायचं, आधीच ठरवलेल्या चित्रासमोर उभं राहायचं, पाय दुखले की जमिनीवर बसायचं आणि दार बंद व्हायच्या वेळी उठायचं. बाकीच्या दालनांकडे ढुंकूनही बघायचं नाही.

औंधच्या टेकडीवरच्या संग्रहालयातला एक पहारेकरी पहिल्या खेपेला फारच अस्वस्थ झाला होता. म्हणाला, "मॅडम, पलीकडं अजून लई चित्रं हायत."

"ती पुढच्या खेपेला."

"अवो, एवढ्या लांबनं आलाय, तिकीट तेच हाय."

बाई पुढच्या खेपेला खरंच गेल्या. त्याने ओळखलं, स्वतःची खुर्ची उचलून आणली आणि विचारलं, "ह्या टायमाला कंच्या चित्राम्होरं ठेवू?"

मला हे सगळं विक्षिप्त वाटायचं. एकदा मी म्हटलंही, "बाई, एवढं पेट्रोल जाळून एकच चित्र?"

"अगं, तू कुणाच्या घरी भेटायला जातेस तेव्हा अख्ख्या गल्लीशी बोलून येतेस का?" मग म्हणाल्या, "आणि तिथं बरं वाटतं मला. संग्रहालयात कुणी विचारत नाही, संगट कोण आहे म्हणून. तिथं सगळेच एकेकटे उभे असतात."

बाहेर, रस्त्यावर, हा प्रश्न मात्र सारखा यायचा. बाई बांधावर स्टूल मांडून बसल्या की पंधरा-वीस माणसं गोळा व्हायची. चित्राबद्दल फार कुणी विचारायचं नाही. पहिला प्रश्न गावाचा, दुसरा आडनावाचा, आणि तिसरा ठरलेला. वैरागकडे "एकल्याच हाय व्हय?" दुधनीकडे गेलं की तोच प्रश्न कानडीत, आणि त्याआधी "ऊटा आत?" म्हणजे जेवण झालं का. बाईंना दोन्ही भाषा आईच्या, त्यामुळे न कळल्याचं सोंगही घेता यायचं नाही.

वैरागच्या अलीकडे एकदा एक मोटरसायकलवाला त्यांच्याभोवती घिरट्या घालायला लागला. दोनदा गेला, तिसऱ्यांदा येऊन गाडी स्टँडला लावली. "एकट्याच आलाय काय?"

"नाही," बाई कागदावरून मान वर न करता म्हणाल्या, "मालक चहाला गेलेत."

तो निघून गेला.

"मी ठरवून नाही म्हटलं गं," बाईंनी परत आल्यावर मला सांगितलं. आम्ही त्यांच्या ओसरीवर बसलो होतो. "तोंडातून आपोआप आलं. जसं काही ते खरंच आत्ताच उठून गेलेत."

पुढच्या वेळी जाताना त्यांनी मंगळवार पेठेतून पुरुषी चपलांचा एक जोड आणला आणि एक चौकड्याचा शर्ट. दुकानदाराने माप विचारलं. बाईंना सांगता येईना. "मी म्हटलं, मध्यम द्या. फार उंच नाहीत, फार बुटकेही नाहीत." चपला व्हॅनच्या दाराशी ठेवायच्या, शर्ट खिडकीत हँगरला लावायचा. मी पोट धरून हसले. त्याही हसल्या.

मग मालक हळूहळू वाढायला लागले. कधी ते चहाला गेलेले असत, कधी पाणी भरायला, कधी ओळखीच्या माणसाला भेटायला. विचारणारा अधिक खोलात शिरला की बाईंना काहीतरी सांगावं लागे, आणि एकदा सांगितलं की ते पक्कं होई. मालक वीज मंडळात होते, निवृत्त झाले. चहा बिनसाखरेचा घेतात. बायको चित्र काढत बसली की कंटाळतात, म्हणून गावात एक फेरी मारून येतात. दुधनीत मार्केट यार्डातल्या एका अडत्याच्या बायकोला बाईंनी कानडीत सांगितलं की त्यांना कानानं थोडं कमी ऐकू येतं, त्यामुळे हाका मारून उपयोग नाही. ती म्हणाली, आमचेही तसेच. दोघींची त्यावर बराच वेळ चर्चा झाली.

प्रत्येक प्रवासाहून परत आल्या की मी चित्रं बघायच्या आधी विचारायचे, "काय म्हणतायत मालक?" आणि बाई नवीन काहीतरी सांगायच्या. त्या रंगात आल्या की मला विसरायला व्हायचं की हा माणूस नाही.

एका संध्याकाळी असंच हसून झाल्यावर त्या मग म्हणाल्या, "मला माहिताय गं ते नाहीत. पण परवा संध्याकाळी ब्रश धुतले, सामान आवरलं, आणि दोनदा रस्त्याकडे बघितलं."

माझ्या घरातून कुकरची शिट्टी ऐकू आली आणि मी उठले.

वेळापूरची गोष्ट त्यानंतरच्या हिवाळ्यातली. औंधहून परतताना बाई तिथे थांबल्या. अर्धनारी नटेश्वराचं जुनं देऊळ आहे, त्याच्या मागच्या बाजूला बसून त्यांनी काम सुरू केलं. दगडावर ऊन चांगलं पडलं होतं. थोड्या वेळाने एक बाई शेळी घेऊन आली, शेळी झुडपाला बांधली आणि जवळ येऊन बसली. बाईंच्याच वयाची. मालनबाई तिचं नाव. नेहमीचे प्रश्न झाले आणि बाईंनी नेहमीचं उत्तर दिलं. ह्या वेळी मालक अकलूजला गेले होते, गाडीचा काहीतरी भाग आणायला.

इतर लोक उत्तर मिळालं की जायचे. मालनबाई गेली नाही. "तंवर बसते म्या," ती म्हणाली. "बाईमाणसानं एकलं कशाला बसायचं?"

ती बसली. मधेच उठून घरी गेली ती फडक्यात भाकऱ्या, वांग्याचं कालवण आणि कांदा घेऊन आली. दोघांपुरतं. बाईंनी आपला वाटा खाल्ला. दुसरा वाटा फडक्यात झाकून ठेवलेला. सावल्या लांब व्हायला लागल्या तशी मालनबाई रस्त्याकडे बघायला लागली.

"अजून आलं न्हाईत की तुमचं मालक."

"येतील."

"फोन लावा."

"लागत नाही."

"अकलूज काय लांब न्हाय. येवढा येळ का लागावा?" ती उठली आणि देवळापलीकडच्या घराकडे तोंड करून हाक मारली. तिचा मुलगा आला, लग्न झालेला, दोन पोरांचा बाप. "ह्या बाईंचं मालक सकाळधरनं अकलूजला गेल्यात. जा, बगून ये. बाई, कापडं कंची हायत अंगावर? त्यास्नी ऐकू येतंय न्हवं नीट?"

मुलाने मोटरसायकल सुरू केली. बाई मला म्हणाल्या, "ती किक मारल्याचा आवाज आला आणि मी उठून उभी राहिले. तो पोरगा आता अकलूजच्या रस्त्यावर गॅरेजं शोधत फिरणार, नसलेल्या माणसासाठी."

"थांबा," बाईंनी ओरडून सांगितलं. मग मालनबाईला म्हणाल्या, "ते यायचे नाहीत."

"का वं? भांडून गेलं का काय?"

"नाहीत ते. नाहीतच."

बाईंना एवढंच म्हणायचं होतं की असा कुणी माणूसच नाही. पण मालनबाईने खिडकीतल्या शर्टाकडे बघितलं, दाराशी ठेवलेल्या चपलांकडे बघितलं, आणि तिला वेगळंच कळलं. तिने पोराला हाताने खूण केली, त्याने गाडी बंद केली. मग तिने पुढे होऊन बाईंचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं आणि रडायला लागली.

"माजं बी असंच हाय, बाई. इतकी वर्सं झाली, अजून सांच्याला दारात हुबी ऱ्हाते म्या. ल्योक म्हनतो, आये, कुनाची वाट बगतीस? काय सांगायचं त्येला?"

"मी तिला तेव्हा कसं सांगणार," बाई मला म्हणाल्या, "की माझं तसं नाही म्हणून? ती माझ्यासाठी रडत होती. स्वतःसाठीही रडत असेल. आणि मग मलाही रडू आलं. आई गेली तेव्हा नव्हतं आलं. बहिणी म्हणायच्या, ताई दगड आहे. तिथं त्या देवळामागं, वैशाली, मी इतकी रडले की तो पोरगा पाणी आणायला पळाला."

शांत झाल्यावर मालनबाईने विचारलं, "नाव काय हुतं त्यांचं?"

आणि बाईंकडे नाव नव्हतं. नोकरी होती, बिनसाखरेचा चहा होता, कमी ऐकू येणारा कान होता. नाव ठेवायचं राहून गेलं होतं. त्या खाली बघत राहिल्या.

"नाव न्हाय घेत व्हय?" मालनबाई म्हणाली. "आमच्यातबी न्हाय घेत. बरं, ऱ्हाऊ द्या."

निघताना तिने एकच सांगितलं, ही कापडं, ही पायताणं अशी संगट घेऊन फिरू नका, जिवाला बरं नव्हं, कुणाला तरी देऊन टाका. बाईंनी शर्ट आणि चपला तिच्या मुलाला दिल्या. चपला त्याला अगदी बरोबर आल्या. तो त्या घालूनच बाईंना हमरस्त्यापर्यंत वाट दाखवायला आला.

वेळापूरहून आल्यावर काही दिवस बाई घराबाहेर पडल्या नाहीत. मी भाजी घेऊन गेले तर अंधारातच बसलेल्या. दिवा लावला. त्यांनी मला हे सगळं तेव्हा सांगितलं. मला हसू आलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "मला सुतक असल्यासारखं वाटतंय. कुणाला सांगू?"

मी म्हटलं, "बाई, पुन्हा एकदा जाऊया की वेळापूरला. मालनबाईला भेटून येऊ. मी येते."

"नको."

"का?"

"गेले तर ती त्यांच्याविषयी विचारेल. खोटं पुढं चालवणं आता मला जमायचं नाही. आणि खरं सांगितलं तर तिचं रडणं फुकट गेलं म्हणायचं."

त्या कधीच गेल्या नाहीत. औंधला जाताना वेळापूर रस्त्यातच लागतं. बाई लांबून, सांगोल्याकडून वळसा घालून जायच्या. ते देवळाचं चित्र अर्धंच राहिलं, भिंतीवरचं ऊन झालेलं आणि सावली भरायची राहिलेली. त्यांच्या जवळची म्हणावी अशी बाई आयुष्यात एका दिवसापुरती भेटली आणि तिलाच त्यांना टाळावं लागलं.

त्यानंतर मालक कुठेच गेले नाहीत. कुणी विचारलं की बाई सरळ सांगायच्या, "एकटीच आहे."

"मग काय म्हणतात लोक?"

"आधी गप्प होतात. मग कुणीतरी पाणी आणून देतं. मग चित्र बघतात." पुढे म्हणाल्या, "त्रास देणारा एखादा भेटतो. पण तो मालक असतानाही भेटायचाच की."

पुढे डोळ्यांचं दुखणं सुरू झालं. समोरच्या गाडीचे दिवे फुटल्यासारखे दिसतात म्हणाल्या. ऑपरेशन झालं, पण पूर्वीसारखं नाही. बंगळुरूहून भाची आली, फार गुणी मुलगी, आणि ती मावशीला घेऊन गेली. व्हॅन दुधनीकडच्या एका केळीवाल्याने नेली. बाई जाताना मला सपाट रानाचं एक चित्र देऊन गेल्या. ते आमच्या बैठकीत आहे. आलेले लोक विचारतात, हे पूर्ण व्हायचंय का?

बंगळुरूहून फोन यायचा. तिथेही भाची रविवारी त्यांना संग्रहालयात न्यायची, नवरा, मुलं, सगळ्यांना घेऊन. "सोबत सगळे असतात गं," बाई म्हणायच्या. "एका चित्रासमोर उभं राहू देत नाहीत. पुढं चला मावशी, पुढं चला मावशी. तासाभरात सगळं बघून होतं." तक्रार म्हणून नाही, नुसतं सांगायच्या. मग विचारायच्या, रान कसं आहे, ज्वारी किती वर आली. मला काय माहीत असणार? मी आमच्या ह्यांना विचारून सांगायचे.

दुसऱ्या वर्षी भाचीचाच फोन आला. दुपारी आडव्या झाल्या त्या उठल्या नाहीत. लांब असल्याने मला जाता आलं नाही.

मी त्यांना शेवटचं अगदी समोर बघितलं ते त्या भाचीच्या गाडीत बसताना, पण त्या वेळी त्या स्वतःसारख्या दिसत नव्हत्या. डोळ्यांना काळा चष्मा, मांडीवर पिशवी, निरोप द्यायला आलेल्या सगळ्यांना सारखाच नमस्कार. मला आठवतात त्या त्याआधीच्या जानेवारीतल्या.

दुधनीला आमच्या ह्यांच्या मावसभावाच्या मुलीचा साखरपुडा होता. तो आटोपून आम्ही दोघं दुपारी परतत होतो. मैंदर्गी मागे पडली आणि रस्त्यापासून आत, बांधावरच्या एका बाभळीखाली मला ती पांढरी व्हॅन दिसली. तूर काढून नेलेलं मोकळं काळं रान. त्यात स्टूल, बोर्ड, आणि पाठमोऱ्या बाई. वारं फार होतं. मी ह्यांना सांगेपर्यंत कागद बोर्डावरून सुटला.

तो वर गेला, पडला, पुन्हा उडाला. आणि बाई त्याच्यामागे पळायला लागल्या. एका हातात निऱ्या उचललेल्या, टोपी मानेवर पडलेली, ढेकळांतून वाकडंतिकडं. इतक्या वर्षांत मी त्यांना पळताना कधी बघितलं नव्हतं. शाळेच्या क्रीडादिनालाही त्या सावलीत बसून असायच्या.

ह्यांनी गाडीचा वेग कमी केला. "हिरेमठ बाई ना? थांबूया का?"

"नको," मी म्हटलं. "चला तुम्ही."

गाडी हळू होती म्हणून पुढचं दिसलं. कागद एका तुरीच्या सडाला अडकला. बाईंनी त्यावर आधी पाय दिला, मग वाकून तो उचलला, लांब धरून बघितला. त्यावर नक्कीच बुटाचा ठसा उमटला असणार. आजूबाजूला दूरवर माणूस नव्हतं. त्या तिथेच, रानाच्या मधोमध उभ्या राहून हसत होत्या. तोंडावर हात न ठेवता, मान मागे टाकून. मी मागच्या काचेतून वळून बघत राहिले, त्या लहान होत गेल्या, आणि मग मध्ये उसाचा फड आला.